नावाची राणी

रशियात १९२४ साली 'एलिता' नावाचा मूकपट निघाला. गोष्ट मंगळ ग्रहावरची, कल्पनेतली बरं का. पृथ्वीवरचा लोस नावाचा इंजिनियर यानात बसून तिथे गेला. तिथे एलिता राणी होती, पण नावाचीच. सारा कारभार तुस्कुबच्या हाती. मजूर जमिनीखाली राबत. काम नसले की तो त्यांना थंड कोठारात गोठवून ठेवी. माणसे का बटाटे ती? शेवटी मजूर उठले. राणी म्हणाली, मी तुमच्या पुढे चालते. राणीच आपल्या बाजूची, मग भ्यायचे कुणाला? तुस्कुब पडला. पण सत्ता हाती येताच राणीने त्याच मजुरांवर सैन्य घातले. त्यांना पुन्हा जमिनीखाली हाकलू लागली. तेव्हा लोसने तिला पायऱ्यांवरून खाली ढकलले. मग कळते, हे सारे लोसचे स्वप्नच होते.