ठसा आधी वाचा, कहाणी नंतर

जपानी तोफेवरचा मजकूर वाचून द्याल का, असे कोणी विचारले की मी उलट एकच प्रश्न करतो: ती घासली आहे का? उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असते. तेही कौतुकाने, ‘चकाचक केली आहे’ असे.

माझी नोकरी जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत गेली. इथे स्फोटके बनतात. आमच्या कामात लॉट नंबर, तारीख आणि इन्स्पेक्शनचा शिक्का वाचल्याशिवाय कोणत्याही वस्तूला हात लावायचा नसतो. निवृत्तीनंतरही ती सवय सुटली नाही. फौजेतली, भंगारवाल्याकडची, कुणाच्या आजोबांनी ब्रह्मदेशातून आणलेली, अशी जुनी चीज दिसली की मी आधी ठसा शोधतो. त्यातूनच जपानी खुणांचा नाद लागला.

भाचा फौजेत आहे. त्याच्या युनिटच्या दारात दुसऱ्या महायुद्धातली एक लहान जपानी तोफ ठेवलेली आहे. तिच्यासाठी नवा फलक रंगवायचा होता, म्हणून त्याने मोबाइलच्या ॲपवर ब्रीचवरचा मजकूर वाचून पाहिला आणि मला फोन केला, “मामा, तोफ नकली निघाली! वर शोवा 70 लिहिलंय. म्हणजे 1995 झालं की!”

हिशेब त्याने बरोबर केला होता. शोवा सनात 1925 मिळवले की इसवी सन मिळतो. पण शोवा सन 64 व्या वर्षीच, म्हणजे 1989 मध्ये संपला. शोवा 70 असे वर्ष झालेच नाही. मी त्याला तोच फोटो उजवीकडून वाचायला सांगितला. युद्धापूर्वी आणि युद्धाच्या काळातही आडवा जपानी मजकूर बहुधा उजवीकडून डावीकडे लिहीत. जपानी आकड्यांत दहा आणि त्यापुढे सात म्हणजे सतरा, आणि आधी सात, मग दहा म्हणजे सत्तर. ॲपने ओळ डावीकडून वाचली आणि सतराचे सत्तर केले. शोवा 17 म्हणजे 1942, अगदी जिथे असायला हवे तिथेच. मात्र त्याच तोफेवरचे आपल्या ओळखीचे इंग्रजी आकडे, म्हणजे सुट्या भागांवरचे नंबर, नेहमीसारखे डावीकडूनच वाचायचे. एकाच पोलादावर दोन्ही दिशा नांदतात. ॲपला याचा पत्ता नसतो. म्हणून ॲप वापरा, पण एकेक अक्षर वेगळे करून.

दुसरा घोटाळा फलकाच्या मसुद्यातच होता. त्यात लिहिले होते, ‘निर्मिती 1932’. तोफ 92 नमुन्याची, 70 मिलिमीटरची, पायदळाच्या बटालियनसोबत फिरणारी. नमुन्याचा आकडा म्हणजे ते हत्यार सैन्याने स्वीकारल्याचे वर्ष. ही एक नळी कधी ओतली, याचा त्याच्याशी संबंध नाही. हा आकडाही शोवा सनातला नाही. 1920 च्या दशकाच्या अखेरीपासून जपानी सैन्य नमुन्यांना आपल्या साम्राज्य सनातले शेवटचे आकडे देऊ लागले. तो सन इसवी सनाच्या 660 वर्षे पुढे. 2592 म्हणजे 1932, म्हणून नमुना 92. आपल्या जुन्या कागदांवर कधी शालिवाहन शक असतो, कधी राज्याभिषेक शक. कोणता ते न पाहता 78 मिळवणाऱ्याची जी गत होते, तीच इथे होते. तोफेवर दोन सन आहेत, दोन्ही खरे आहेत, आणि दोन वेगळ्या गोष्टी सांगतात.

त्याआधीच्या नमुन्यांची तऱ्हा आणखी निराळी. मेजी सम्राटाच्या राज्यवर्षात 1867 मिळवायचे: नमुना 38 ची मैदानी तोफ 1905 ची, 41 ची डोंगरी तोफ 1908 ची. दोन्हींचे मूळ जर्मनीच्या क्रुप कारखान्याच्या आराखड्यात. तैशो काळात 1911 मिळवायचे: अकराव्या वर्षाची 37 मिलिमीटरची तोफ 1922 ची. तैशो नमुन्यांत ‘नमुना’ या अक्षराआधी ‘वर्ष’ हे अक्षरही असते, आणि खरी मेख तिथेच आहे. ‘तीन वर्ष नमुना’ म्हणजे 1914 ची जड मशीनगन. नुसता ‘तीन नमुना’ असेल, तर हत्यार 1943 चे. मधले एक अक्षर रंगाखाली गेले की जवळजवळ तीस वर्षांची चूक पदरात.

आकडे ओळखणे कठीण नाही. एक, दोन, तीन म्हणजे तेवढ्याच आडव्या रेघा. दहा म्हणजे अधिकचे चिन्ह. आठ म्हणजे एकमेकींपासून दूर पसरलेल्या दोन तिरप्या रेघा. सात मात्र दगा देतो. त्याच्या खालचे वळण रंगाने बुजले की तो दहासारखा दिसतो आणि झिजलेल्या पितळेवर नऊसारखाही. शंका आली की बोटाने चाचपून ठरवू नका. अंधारात टॉर्च आडवा धरा. सावलीत खोलगट रेघ स्वतःच उठून दिसते. पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीने घासून छाप घेतला तर फारच उत्तम.

भाच्याच्या तोफेवर अनुक्रमांकाचे शेवटचे आकडे गेलेले आहेत. पूर्वी कधीतरी रंगाचे काम घेतलेल्या कंत्राटदाराने जुना ऑइलपेंट काढायला ग्राइंडर लावला होता. ओसाकाच्या लष्करी कारखान्याचे नाव वाचता येते, वर्ष वाचता येते, पण ती कितवी तोफ ते आता कोणीही सांगू शकणार नाही. तो कारखाना 14 ऑगस्ट 1945 ला, शरणागतीच्या आदल्या दिवशी, बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. पोलादावर कोरलेला नंबर हीच काय ती नोंद होती. चिंच-मीठ, पॉलिश, सँडपेपर यांनी हेच काम सावकाश होते.

अनुक्रमांकाला इतके महत्त्व का, ते तरावा बेटाने दाखवले. तिथल्या जपानी मोर्च्यांत व्हिकर्स या ब्रिटिश कंपनीच्या 8 इंची तोफा होत्या. जपान्यांनी त्या सिंगापूर जिंकून तिथून उचलून आणल्या, असे वर्षानुवर्षे सांगितले जाई. 1970 च्या दशकात तोफांवरचे नंबर कंपनीच्या दप्तराशी ताडून पाहिले, तेव्हा त्या 1905 मध्ये रीतसर जपानला विकलेल्या निघाल्या. लुटीची गोष्ट रंगतदार होती, पावती निराळेच सांगत होती.

आपल्याकडेही अशा गोष्टी चटकन चिकटतात. मार्च 1944 मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला मराठा पलटणीची चौथी बटालियन जपान्यांशी झुंजली, हे खरे. म्हणून महाराष्ट्रातली प्रत्येक जपानी तोफ सांगशाकचीच, असे होत नाही. तोफ कुठे बनली ते ठसा सांगतो. ती कुठे हाती आली ते युनिटचे दप्तर सांगते. फलकावर दोन्ही वेगळे लिहा, आणि दप्तर नसेल तर ती ओळ कोरी सोडा. डोळा तयार करायचा असेल तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जा. 1994 मध्ये उघडलेल्या त्या संग्रहालयात नमुना 95 चा जपानी हलका रणगाडा उभा आहे. 95 वरून 2595, म्हणजे 1935, हा हिशेब तिथे उभ्याउभ्या करून पाहता येतो.

नुसती तोफ निदान फुटत नाही. शेलचे तसे नाही. जपानी शेलमध्ये अनेकदा पिक्रिक ॲसिड भरलेले असे. ते लोखंडाला, शिशाला किंवा तांब्याला लागले की त्याचे क्षार तयार होतात, आणि ते घर्षणानेही पेट घेतात. म्हणून शिमोसे या जपानी रसायनतज्ज्ञाच्या पद्धतीत शेलच्या आतून लाखेचा लेप आणि मेण देत. ऐंशी वर्षांनी त्या लेपाची हमी कोण देणार? मणिपुरात पाया खणताना त्या युद्धातले बॉम्ब अजून निघतात. 24 जानेवारी 2025 च्या स्फोटात आमच्या फॅक्टरीतली माणसे गेली. स्फोटक म्हणजे काय हे आमच्या फॅक्टरीच्या कॉलनीला समजावून सांगावे लागत नाही. बाहेर मात्र लोक ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ म्हणत भरलेला शेल ट्रंकेत ठेवतात.

दोन्ही टोके दिसणारी, आत हात घालता येईल अशी रिकामी पितळी केस असेल आणि बुडाचा प्रायमर डागलेला असेल, तर तिचा फोटो खुशाल काढा, घासण्याआधी काढा. टोकाला फ्यूज असेल, तोंड बंद असेल किंवा नुसती शंका असेल, तर ठसा वाचण्याच्या भानगडीत पडू नका. हलवू नका, पाणी घालू नका. पोरांना घेऊन बाहेर पडा आणि 112 लावा.