फाल्गुनातला पळस आणि बर्फातला वसंत

मुलांनो, चैत्र-वैशाख म्हणजे वसंत, असे आपण पाठ करतो. पण पळस काही पंचांग पाहत नाही. आपल्या चारठाण्याच्या शिवारात तो फाल्गुनातच फुलतो. होळीच्या सुमारास रविवारी सकाळी मी माळाच्या अंगाने फिरायला जातो. पानं नसलेल्या फांद्या केशरी फुलांनी लगडलेल्या असतात आणि मैना, बुलबुल, शिंजीर यांची नुसती झुंबड उडालेली असते. वारा अजून गार असतो, ऊन अजून टोचत नाही. हिंडायला याहून चांगले दिवस नाहीत.

आता मनाने उत्तरेकडे चला. याच मार्च महिन्यात हिमालयाच्या उंच भागात आणि फिनलंड, कॅनडा यांसारख्या देशांत जमीन बर्फाखाली असते. तरी तिथली माणसंही या दिवसांत हौसेने घराबाहेर पडतात. एवढ्या थंडीत कशाला, असे तुम्ही म्हणाल. त्याचे कारण उजेड! २१ मार्चच्या सुमारास सगळ्या पृथ्वीवर दिवस-रात्र जवळजवळ सारखे असतात. पुढे उत्तरेत दिवस भराभर वाढतो. जूनमध्ये आपला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर फिनलंडच्या दक्षिण भागात तो सुमारे एकोणीस तासांचा असतो. हिवाळाभर अंधारात काढलेल्या माणसाला उन्हाची केवढी अपूर्वाई!

तिथे चालण्याचीही एक युक्ती असते. दिवसा उन्हाने बर्फाचा वरचा थर पाघळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. सकाळी त्याची टणक पापडी होते. तिच्यावरून माणूस न रुतता चालतो. दुपारी तीच पापडी मऊ पडते आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. म्हणून जाणती माणसं पहाटे निघतात आणि ऊन चढायच्या आत परततात. आपणही उन्हाळ्यात रानातली कामं सकाळीच उरकतो की नाही? तसेच ते.

ताजा पांढरा बर्फ दहा भाग उजेडातले आठ-नऊ भाग परत फेकतो. त्यामुळे डोळे दिपतात आणि दुखावतातही. काळा चष्मा घातल्याशिवाय तिथे हिंडू नये. झाडांची खोडं मात्र काळपट असतात. ती ऊन शोषून तापतात आणि खोडाभोवतीचा बर्फ आधी वितळून गोल आळे तयार होते. बर्फाच्या जाड थराखाली उंदरासारखे छोटे प्राणी हिवाळा काढतात, कारण भुसभुशीत बर्फात हवा अडकलेली असते. गारेगारवाला बर्फाची लादी भुशात ठेवतो ते आठवा. भुसा बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. बर्फ आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. काम एकच, म्हणजे गोधडीचे!

आता झाडांकडे पाहू. पळस पानं का टाकतो? पानांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जाते. जमीन कोरडी पडू लागली की पानं टाकून झाड पाणी वाचवते. उत्तरेतली पुष्कळ झाडंही हिवाळ्याआधी पानं टाकतात. पाणी गोठले की मुळांना ते ओढता येत नाही. म्हणजे बर्फ पायाशी असूनही झाडाला दुष्काळच! आपल्याकडे पाणी आटते, तिकडे ते थिजते. दोन्हीकडे झाड शहाणपणाने वागते.

उत्तराखंडात मार्चच्या मध्यावर मुलांचा एक गोड सण असतो. त्याला फूलदेई म्हणतात. वरच्या डोंगरांवर बर्फ असतो आणि खाली बुरांस लालभडक फुललेला असतो. मुलं सकाळी फुलं गोळा करून घरोघरी उंबरठ्यावर ठेवतात. घरची मंडळी त्यांना तांदूळ, गूळ, पैसे देतात. बुरांस हा त्या राज्याचा राज्यवृक्ष आहे. तो तिथला पळसच समजा.

पण एक फरक नीट ध्यानात घ्या. उत्तरेत हिवाळ्यात पडलेला बर्फ म्हणजे साठवलेले पाणी. वसंतात तो वितळतो आणि उन्हाळ्यात गंगेसारख्या नद्यांना पाणी पुरवतो. आपल्या पूर्णेच्या किंवा गोदावरीच्या उगमावर बर्फ नाही. आपला साठा पावसाचाच. तो येलदरीच्या धरणात, विहिरींत, जुन्या बारवांत आणि जमिनीच्या पोटात असतो. तिकडे वसंतात पाणी सुटते, इकडे ते सरू लागते. पळस फुलला म्हणजे पुढचा पाऊस अजून तीन महिने लांब आहे! आकाशातून बर्फ आपल्याकडे आला तर गारपीट होऊन येतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारांनी गहू, हरभरा, ज्वारी झोपवली. तो बर्फ साठत नाही, नुकसान करून विरघळून जातो.

म्हणून फाल्गुनात मजा करा, पण तीन गोष्टी पाळा. रंगासाठी पळसाच्या फांद्या ओरबाडू नका, खाली पडलेली फुलं वेचा. सुकलेल्या गवताला काडी लावू नका. आणि घरापुढे सावलीत पाखरांसाठी परळभर पाणी ठेवून ते रोज बदला.

करून पाहा : बर्फाचे दोन सारखे तुकडे उन्हात ठेवा. एकावर काळे फडके टाका, दुसऱ्यावर तसेच पांढरे. कोणता आधी वितळतो?

सांगा पाहू :
१. बर्फावर सकाळी चालणे सोपे का जाते?
२. पळस आणि उत्तरेतली झाडं पानं का टाकतात?
३. तुमच्या विहिरीचे पाणी होळीला किती हात आहे आणि अक्षयतृतीयेला किती हात उरते? मोठ्या माणसांना सोबत घेऊन दोर सोडून मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहून मला दाखवा. ते या भिंतीवर लावू.