मनावरचा ताण आणि लसीचा गुण

कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला मन्मथ स्वामींची यात्रा भरते. त्याच सुमारास इथल्या डोंगरपट्ट्यातल्या वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. लसीकरणासाठी वस्तीवर फिरताना बाया मला विचारतात, "ताई, जिवाला एवढा घोर, त्यात सुईचा काय गुण येणार?" हा प्रश्न समजून घेण्यासारखा आहे.

लस शरीराला रोगजंतूची ओळख करून देते. ती ओळख पटली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या जंतूविरुद्ध प्रतिपिंडे तयार करतात आणि ओळख लक्षात ठेवतात. आपण ताणाखाली असलो की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून कॉर्टिसॉल नावाचा स्राव वाढतो. तो थोडा वेळ वाढला तर संकटात उपयोगीच पडतो. पण कर्ज, जागरण आणि काळजी महिनोन् महिने चालली, तर या पेशींचे काम मंदावते आणि प्रतिपिंडे कमी बनतात.

अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात हे तपासले गेले. स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या 32 जणांना आणि तसा भार नसलेल्या 32 जणांना फ्लूची लस दिली. 1996 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रतिपिंडे चौपट वाढण्याचे प्रमाण दुसऱ्या गटात सुमारे 66 टक्के होते, तर सेवा करणाऱ्यांत सुमारे 38 टक्केच.

मग लस घेऊ नये का? उलट, ती पूर्ण घ्यावी. त्याच विद्यापीठात परीक्षेच्या काळात 48 वैद्यकीय विद्यार्थ्यांना हिपॅटायटिस बी लस दिली होती. पहिल्या डोसने 12 जणांतच प्रतिपिंडे दिसली, आणि त्यांच्यावर ताण कमी होता. बाकीच्यांत ती दुसऱ्या डोसनंतर दिसली. म्हणजे ताणामुळे गुण उशिरा येतो, पण पुढचा डोस ती उणीव भरून काढतो. आपल्या लोकांचा नेमका हाच डोस स्थलांतरात चुकतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी वस्तीवर एवढे जरूर सांगावे:

- गरोदर बाईने धनुर्वात-घटसर्पाच्या पहिल्या डोसनंतर चार आठवड्यांनी दुसरा डोस घ्यावा.
- बाळाचे 6, 10 आणि 14 आठवड्यांचे डोस फडावर असतानाही चुकवू नयेत. कोणत्याही सरकारी आरोग्य केंद्रात ते मोफत मिळतात.
- लसीचे कार्ड बिऱ्हाडाबरोबर न्यावे.
- लसीच्या आधी व नंतर काही दिवस तरी पुरेशी झोप आणि पोटभर जेवण मिळावे, याची घरच्यांनी काळजी घ्यावी.

आणि वस्तीवर गेल्यावर सुई देऊन लगेच उठू नका. घडीभर बसून त्या बाईचा घोर ऐका. उचल आपण फेडू शकत नाही, पण पुढच्या डोसची तारीख तिच्या लक्षात राहील एवढा विश्वास तरी मिळवू शकतो.