सपाट वाघिणीवरील भार : एक छोटा अभ्यास

लघुरेल्वेचा छंद मुख्यतः युरोप-अमेरिकेत वाढला. अमेरिकेतील हौशी मंडळींची राष्ट्रीय संघटना १९३५ साली स्थापन झाली, आणि तिने सुचविलेली मापे अनेक जण आजही पाळतात. पुण्यातील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय (१९९८) ज्यांनी पाहिले असेल, त्यांना १:८७ या प्रमाणाची ओळख असेलच. या छंदाच्या एका लहानशा अंगाचा, म्हणजे सपाट वाघिणीवर ठेवावयाच्या भाराचा, विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम स्वतःचीच फजिती सांगतो. सरबताच्या नळ्या कापून, रंगवून मी एका वाघिणीवर पाइपांची सुबक रास चिकटविली होती. शेजारचे एक निवृत्त मालगाडी-गार्ड ती बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "सर, दिसतंय छान. पण पहिल्याच वळणाला हे पाइप फलाटावरच्या माणसांच्या अंगावर जाणार. बांधलेत कुठं?" त्या प्रश्नाने माझे डोळे उघडले. डबाबंद वाघिणीत काय आहे ते दिसत नाही. सपाट वाघिणीवर मात्र सारे उघडे असते. म्हणून तेथील माल नुसता ठेवलेला चालत नाही. तो खरोखर वाहून नेता येईल असा असावा लागतो.

१. माप. १:८७ प्रमाणात एक फूट म्हणजे साडेतीन मिलिमीटर. दोन फूट जाडीचा ओंडका हवा असेल तर सात मिलिमीटर जाडीची, बारीक सालीची काटकी घ्यावी. सहा मिलिमीटरची नळी म्हणजे सुमारे वीस इंची पाइप. दोन मिलिमीटरची आगकाडी म्हणजे जवळजवळ सात इंच जाडीचा वासा. बाजारातील खेळण्यातला ट्रक मात्र पारखून घ्यावा. तो १:६४ प्रमाणातील असल्यास वाघिणीवर तिपटीने नव्हे, पण छत्तीस टक्क्यांनी मोठा दिसतो, आणि तेवढ्यानेच सारा देखावा खोटा वाटू लागतो.

२. वजन. येथे थोडे गणित आहे. लांबीचे प्रमाण १:८७ असले, तरी घनफळाचे प्रमाण ८७ चा घन, म्हणजे १:६,५८,५०३ होते. भरलेली ८० टनांची वाघीण या हिशेबाने सुमारे १२१ ग्रॅमची व्हावी. उपर्युक्त संघटनेची शिफारस अशी की, या प्रमाणातील वाघिणीस मुळात एक औंस आणि लांबीच्या दर इंचास अर्धा औंस वजन असावे. सहा इंची वाघिणीस हे चार औंस, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम होतात. सिद्धान्त आणि अनुभव किती जवळ येतात पाहा! प्लॅस्टिकची रिकामी सपाट वाघीण याहून पुष्कळ हलकी असते, आणि लांब गाडीत वळणावर आत ओढली जाऊन रुळांवरून उतरते. यास्तव खालच्या थरातील नळ्यांत खिळे भरावेत, खोक्यांच्या तळाशी वायसर चिकटवावेत. वजन शक्य तितके खाली असावे. वर गेल्यास वाघीण कलंडते. थोडे वजन वाघिणीच्या पोटाशीही कायमचे लावावे, म्हणजे ती रिकामीही नीट धावेल.

३. बांधणी. गोल वस्तूंना दोन्ही बाजूंस उभे खुंट हवेत, चाकांना पुढेमागे पाचरी हव्यात, यंत्राखाली लाकडी ठोकळे हवेत. पाव मिलिमीटरचा शिवणदोरा या प्रमाणात बोटाएवढा जाड दोर होतो. तो काळपट रंगवून ताणून बांधावा. सैल दोर नजरेला लगेच खटकतो.

४. लांब माल. तुळई एका वाघिणीबाहेर येत असेल, तर शेजारी एक रिकामी सपाट वाघीण जोडतात. माल त्या वाघिणीवर टेकत नाही, नुसता तिच्यावर अधांतरी राहतो. माल दोन वाघिणींवर टेकविणे असेल, तर त्याखालील आधार फिरते असावे लागतात. दोन्हीकडे पक्का बांधल्यास वळणावर एक तरी वाघीण रूळ सोडते. हा प्रयोग घरच्या रुळांवर अवश्य करून पाहावा. पाठ्यपुस्तकातील आकृतीपेक्षा तो अधिक शिकवितो.

५. प्रयोजन. शेवटचा प्रश्न असा : हा माल कोठून निघाला आणि कोठे चालला? ओंडके जंगलाकडून गिरणीकडे जातात आणि वाघीण रिकामी परतते. म्हणून भार वाघिणीस न चिकटविता पातळ पुठ्ठ्यावर बसवावा, म्हणजे तो उचलून ठेवता येतो. नमुना शोधण्यास दूर जावयास नको. कोकण रेल्वेवर १९९९ साली कोलाड ते वेर्णा या मार्गावर भरलेले ट्रकच सपाट वाघिणींवर चढवून नेण्यास प्रारंभ झाला. चालक आपल्या ट्रकसह प्रवास करतात. अशी गाडी करावयाची तर ट्रकांवरील ताडपत्री, दोऱ्या, दर्शनी भागावरील रंगीत नक्षी यांचे निरीक्षण आपल्याच रस्त्यांवर करता येईल.

मी ते पाइप उखडले, खुंट लावले, दोर ताणून बांधले आणि वाघीण पुन्हा गार्डकाकांपुढे ठेवली. त्यांनी बोटाने एक दोर दाबून पाहिला. "आता सोडा गाडी," एवढेच ते म्हणाले. पुढच्या वेळी फाटकात मालगाडीसाठी थांबावे लागले, तर विद्यार्थी मित्रांनी घड्याळाकडे न पाहता वाघिणींवरील माल कसा बांधला आहे ते पाहावे, एवढीच विनंती.