बाईच्या बाजूने वाचताना : काही आत्मकथने

आपल्या समाजात आत्मकथन जितके वाचले गेले तितका दुसरा कोणताही वाङ्मयप्रकार वाचला गेला नसेल. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्यानंतर 'आठवणींचे पक्षी', 'उपरा', 'अक्करमाशी' अशी पुस्तके एकामागून एक येत राहिली. ती अभ्यासक्रमात लागली, व्याख्यानमालांतून त्यांच्यावर चर्चा झाल्या. या पुस्तकांनी गावगाड्याचा हिशेब चव्हाट्यावर मांडला, आणि तो मांडणे आवश्यकच होते. परंतु याच पुस्तकांत गावाच्या जोडीला घरही आहे. त्या घरात आई आहे, बहीण आहे, बायको आहे. आई आली की आपले डोळे भरून येतात. बायको आली की आपण पान उलटतो. विद्यार्थी मित्रमैत्रिणींनी हे उलटलेले पान परत वाचावे, एवढ्यासाठी प्रस्तुत लेखाचा प्रपंच.

स्त्रीच्या दृष्टीने पुस्तक वाचायचे म्हटले की 'हे शहरातल्या उच्चवर्णीय बायकांचे खूळ' असा शेरा आपल्याकडे हमखास ऐकू येतो. शेरा मारणाऱ्यांनी बाबासाहेबांचा 'भारतातील जाती' हा निबंध पुन्हा काढून पाहावा. कोलंबिया विद्यापीठात मे १९१६ मध्ये वाचलेला हा निबंध. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढींचा जातीच्या टिकण्याशी काय संबंध आहे, हे त्यात पंचविशीतल्या बाबासाहेबांनी दाखवून दिले. जात आपल्या आतच लग्ने लावून टिकते आणि त्यासाठी बाईवर पहारा ठेवावा लागतो, असा त्याचा सरळ अर्थ. म्हणजे जातीचा प्रश्न आधी आणि बाईचा प्रश्न नंतर, अशी रांग बाबासाहेबांनी लावलेली नाही. हिंदू कोड बिल रखडले आणि १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याची कारणे अनेक होती, पण हे त्यातले एक ठळक कारण होते.

आपल्या मराठीतही ही दृष्टी उसनी नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. (त्यांचे वडील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. आम्हा कारकुनांना याचा उगाच अभिमान वाटतो.) सुरतेकडच्या एका ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली, वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीला नावे ठेवली, आणि त्या संतापातून हे पुस्तक जन्मले. पातिव्रत्य बायकोलाच का, नवऱ्याला का नाही, हा त्यांचा साधा प्रश्न. पोथ्यापुराणांतल्या देवांनाही त्यांनी तोच प्रश्न विचारला. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. बाकीचे बहुतेक गप्प राहिले. त्याहीपूर्वी, १८५५ मध्ये, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला होता. अस्पृश्य मानलेल्या बायकांची बाळंतपणे उघड्यावर, छपराविना कशी होतात, हे तिने त्यात लिहिले. चौदा वर्षांच्या मुलीला जे दिसले ते पुढे कितीतरी पंडितांना दिसले नाही.

आणि आणखी मागे जायचे तर 'थेरीगाथा' आहेच. मुत्ता थेरी आपल्या मुक्तीबद्दल बोलताना उखळ-मुसळ आणि नवरा यांचाही हिशेब त्यात धरते. निर्वाणाची गोष्ट करताना तिला स्वयंपाकघर सांगावेसे वाटले, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आता 'बलुतं' हातात घ्या. त्यात सई आहे, नायकाची पहिली बायको. तिच्यावरचा संशय, त्यातून विस्कटलेला संसार आणि अखेर तिला सोडणे, हे सारे दया पवारांनी लपवलेले नाही. एवढे उघडेपणाने लिहायला धैर्य लागते आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण ही हकीगत सांगणारा एकच आहे. सईला काय म्हणायचे होते, सोडल्यावर तिचे दिवस तिला कसे वाटले, हे तिच्या तोंडून आपल्याला कधीच कळत नाही. पुस्तकावर बोलताना हा प्रश्न विचारला तर लेखकाचा अपमान होत नाही. पुस्तक मोठे आहे, ते हा प्रश्न सोसू शकते.

सईची बाजू कुणी लिहिली नाही. पण तिच्यासारख्या बायकांची बाजू लिहिणाऱ्या बायका पुढे आल्या, आणि त्यांत मला सर्वांत वर ठेवावेसे वाटते ते बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं'. 'स्त्री' मासिकातून १९८२ मध्ये ते क्रमशः आले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. वीरगाव-फलटण परिसरातल्या महारवाड्याचे इतके बारीक चित्र दुसरीकडे सापडणे कठीण. बेबीताई सांगतात की महारणीने लुगड्याचे काठ दिसू द्यायचे नाहीत, ते निऱ्यांच्या आत दडवायचे. काठ दिसणे हा वरच्या जातींच्या बायकांचा हक्क. मोळी विकायला गेलेल्या बाईने लाकूड न लाकूड तपासून द्यायचे, कारण त्यात तिचा एखादा केस किंवा चिंधीचा धागा राहिला तर घेणाऱ्याचे घर बाटेल. दिवसभर डोक्यावर ओझे वाहिलेल्या बाईचा एक केस घर बाटवतो, तिने तोडलेले लाकूड मात्र चुलीला चालते.

इथपर्यंत वाचून आपल्याला संताप येतो आणि तो योग्यच आहे. पण बेबीताई इथे थांबत नाहीत. त्या महारवाड्याच्या आत वळतात. सासुरवास सोसेना म्हणून पळून गेलेल्या सुनेला धरून आणून तिच्या पायात लाकडाचा खोडा कसा अडकवत, पाय सोलून रक्ताळले तरी तिला घरकाम कसे चुकत नसे, संशयावरून बाईचे नाक कसे कापले जाई, हे त्या लिहितात. खोडा घालणारे हात परके नव्हते. पाटलाच्या वाड्यावर वाकलेली माणसे घरी येऊन सुनेला वाकवत होती. सासूनेही तेच सोसलेले असे आणि तीच ते पुढे चालवी. हा भाग वर्गात किंवा सभेत वाचला जाताना मी क्वचितच ऐकला. 'आपली धुणी आपण चारचौघांत का धुवायची?' असे म्हणणारे भेटतात. त्यांना एवढेच विचारावे, की ज्या बाईने हे लिहिले तिची बाबासाहेबांवरची निष्ठा कमी होती काय? तिच्या पुस्तकात बाबासाहेबांविषयी जो जिव्हाळा आहे तो वाचावा. फलटणजवळ निंबुरे येथे तिने मुलांसाठी आश्रमशाळा चालवली. २०१२ मध्ये ती गेली तोवर ती चळवळीतच होती.

याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुस्तकाच्या बाहेर आहे. बेबीताईंचे फलटणला छोटे दुकान होते. पुडे बांधायला आलेली रद्दी वाचत वाचत त्यांचे वाचन वाढले आणि नवरा माल आणायला गेला की गल्ल्यावर बसून त्या लिहीत. लिहिलेल्या वह्या त्यांनी नवऱ्यापासून आणि मुलापासून वीसेक वर्षे लपवून ठेवल्या. २००८ मध्ये माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद निघाला. त्यासोबतच्या मुलाखतीत बेबीताईंनी स्वतःच्या नवऱ्याचा संशय आणि मारहाण यांविषयी सांगितले. मूळ पुस्तकात ते नाही. पुस्तकाचे नाव 'आमुचं' आहे, 'माझं' नाही. साऱ्या महारवाड्याच्या सुनांचे हाल जिने लिहिले, तिने स्वतःच्या पाठीवरचे वळ मात्र बाजूला ठेवले. म्हणून माझे विद्यार्थ्यांना सांगणे आहे, की पुस्तकात जे लिहिले आहे तेवढेच वाचू नका. ते कुठे बसून लिहिले, कुणापासून लपवले आणि काय गाळले, हेही विचारा.

कुमुद पावडे यांचा 'अंतःस्फोट' (१९८१) हा अगदी वेगळ्या वाटेचा. नागपूरच्या या बाईंनी संस्कृतमध्ये एम.ए. केले. महार घरातली मुलगी संस्कृत शिकते याचे कौतुकही झाले आणि कुचेष्टाही झाली. गोखले गुरुजींसारखे जीव लावून शिकवणारे शिक्षक त्यांना भेटले, तेही त्या कृतज्ञतेने नोंदवतात. पण पदवी हाती असून नोकरी मिळेना. मोतीराम पावडे यांच्याशी आंतरजातीय विवाह झाला, सोमकुवरच्या पावडे झाल्या, आणि मग सरकारी महाविद्यालयात नेमणूक झाली. हे श्रेय आपल्या विद्वत्तेचे की नव्या आडनावाचे, हा त्यांचा प्रश्न आजही टोचतो. बाईचे आडनाव लग्नात बदलते तशी तिची जातही बदलल्यासारखी होते. पुरुषाच्या वाट्याला असला प्रकार येत नाही. मी बँकेत काउंटरवर बसते. लग्न झाले की नाव बदलायचा अर्ज घेऊन मुलीच येतात, आजवर एकही जावई आला नाही. तो अर्ज हातात घेताना मला हे पुस्तक आठवते.

शांताबाई कांबळे यांच्या 'माज्या जल्माची चित्तरकथा' (१९८६) मधील नाजाने पोटाची भूक आणि शाळेची ओढ दोन्ही एकदम सोसली आणि ती मास्तरीण झाली. १९९० मध्ये या पुस्तकावरची 'नाजुका' ही मालिका दूरदर्शनवर आली. शिकलेल्या, शिक्षक असलेल्या नवऱ्याने दुसरी बायको केली, हाही त्या कथेचा भाग आहे. शिक्षणाने माणूस सुधारतो हे खरे, पण घरातल्या बाईच्या बाबतीत तो आपोआप सुधारत नाही. मल्लिका अमरशेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (१९८४) वाचताना हेच अधिक तीव्रतेने जाणवते. नामदेव ढसाळांची कविता मोठी, पँथरचे कार्य मोठे, यात वाद नाही. त्या मोठेपणाच्या घरात राहणाऱ्या बाईला काय पडले, ते या पुस्तकात आहे. दोन्ही पुस्तके एका फळीवर ठेवता येतात.

उर्मिला पवार यांचे 'आयदान' २००३ चे. कोकणातली आई बांबूच्या टोपल्या विणते आणि लेक मुंबईत नोकरी करून लिहिते. विणणे आणि लिहिणे यांचे नाते त्या जोडतात. नोकरी, एम.ए.चा अभ्यास, चळवळ आणि घर यांत ओढाताण होताना नवऱ्याची कुरबुर त्या लपवत नाहीत. याच उर्मिलाताईंनी मीनाक्षी मून यांच्यासोबत 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) साठी गावोगाव फिरून चळवळीतल्या बायकांच्या मुलाखती घेतल्या. १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली होती आणि त्या बायकांनी घटस्फोटाच्या हक्काचा व बहुपत्नीत्व बंद करण्याचा ठराव केला होता. हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? नवऱ्याविरुद्ध बोलणे ही काल-परवाची फॅशन नव्हे. आपल्या आज्या-पणज्यांनी ते ठराव हात वर करून मंजूर केले आहेत.

वाचनवर्ग चालवणाऱ्यांसाठी एक सूचना. सुरुवात 'जिणं आमुचं'ने करावी आणि ते मनात न वाचता मोठ्याने वाचावे. त्यातली बोली पुण्या-मुंबईत वाढलेल्या मुलांना अडते. येसकर, पाळी, खोडा, पोतराज हे शब्द आले की शब्दकोश काढण्याआधी वस्तीतल्या सत्तरी-ऐंशीच्या आजींना वर्गात बोलवावे आणि विचारावे. अर्थ सांगता सांगता त्या पुस्तकात नसलेलेही बरेच सांगतील. वर्गातल्या कुणीतरी ते वहीत उतरवून घ्यावे, आजींचे नाव घालायचे की नाही हे त्यांनाच विचारून.