हप्ता चुकला, तेव्हा पाऊस कसा होता?



या पानावर दर वेळी आपण बैठकीत वाचायला एक विषय घेतो. या वेळचा विषय आहे अन्न, शेती आणि हवामान बदल. खरं सांगते, विषय कळला तेव्हा मला वाटलं, निम्म्या जणी जांभया देतील आणि उरलेल्या मोबाईल बघतील. कॉलेजात मीसुद्धा याच्या नोट्स पाठ केल्या, पेपर लिहिला आणि विसरून गेले. मला तो कळला गटाच्या कर्ज रजिस्टरमध्ये. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

आरे कॉलनीतल्या एका पाड्यावर आपला गट आहे. तिथल्या एका ताईने फेब्रुवारी 2025 मध्ये गटातून 12,000 रुपये कर्ज घेतलं. (तिला विचारूनच लिहितेय, नाव मात्र लिहीत नाही.) मुलीची फी भरायची होती आणि भाजीसाठी नवा वजनकाटा घ्यायचा होता. हप्ता महिना 1,000 रुपये, व्याज वेगळं. ताईची थोडी भातशेती आहे. पावसाळ्यात ती रानभाज्या आणि घराभोवती लावलेली काकडी, दुधी, भेंडी घेऊन मरोळला बसते. मार्च, एप्रिल, मे हे हप्ते वेळेवर आले. जूनचा चुकला. जुलैचा अर्धाच आला. ऑगस्टचा चुकला. पुढचे दोन आले आणि नोव्हेंबरचा पुन्हा चुकला. दर चुकीला 50 रुपये दंड, असा गटाचा ठराव आहे. चारही दंड मी माझ्या हाताने रजिस्टरला लिहिले. नोव्हेंबरच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, "हिला आता सवयच लागली." ताई काही बोलली नाही, पिशवी उचलून निघून गेली.

मी दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. भांडायला आली असं तिला वाटलं असावं. चहा झाला आणि मग ती एकेक महिना सांगायला लागली.

2025 मध्ये मुंबईत मान्सून 26 मे रोजी आला. नेहमीची तारीख 11 जून. 1950 पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. आपल्याला वाटलं, बरं झालं, उकाडा संपला. ताईचा मात्र राब भाजायचा राहिला होता. पालापाचोळा, शेण, फांद्या सगळं भिजलं. शेवळांचंही तसंच. शेवळाचे कोंब पहिल्या सरींच्या आसपास जमिनीतून वर येतात, थोडेच दिवस मिळतात, आणि काकडं घालून केलेली ती भाजी खाणारे लोक वाट बघत असतात. त्या चार पैशांवर तिचा जूनचा हप्ता ठरलेला असतो. "शेवळं कधी आली न कधी गेली, कळलंच नाही," ती म्हणाली. मग जूनमध्ये पाऊस थांबला. घाईने पेरलेलं भाताचं बी उगवून करपलं. दुसऱ्यांदा बी विकत आणावं लागलं, आणि जुलैचा अर्धा हप्ता त्या बियाण्यात गेला. ऑगस्टच्या मध्याला सलग जो पाऊस झाला तो तुम्हा सगळ्यांना आठवत असेल, मुंबई बंद पडली होती. दुधीचे वेल कुजले आणि आठवडाभर मरोळला टोपली लागलीच नाही. दिवाळी झाली, भात कापून खाचरात पसरलं आणि त्यावर पुन्हा पाऊस पडला.

चार चुका, चार पाऊस. मी वहीत समोरासमोर लिहून काढलं तेव्हा मला माझीच लाज वाटली.

आता एक गोष्ट नीट समजून घेऊ. एका वर्षाच्या पावसावरून हवामान बदललं असं म्हणता येत नाही. पाऊस पूर्वीही लहरीच होता. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला होता, तो तर वीस वर्षांपूर्वीचा. फरक असा की हवा तापली की ती जास्त बाष्प धरून ठेवते, एका अंशाला साधारण 7 टक्के जास्त. आपला अरबी समुद्रही तापतो आहे. बाष्प धरून ठेवलेलं असतं ते एकदम कोसळतं, मग मध्ये कोरडे दिवस जातात. एकूण पाऊस तेवढाच पडला तरी तो चुकीच्या दिवशी पडतो. शेतीला मिलिमीटर लागतात तशी तारीखही लागते, आणि बिघडते आहे ती तारीख.

मनोरी, गोराईच्या ताईंना हे वेगळं सांगायला नको. मे महिन्यात वाळत घातलेल्या मासळीवर पाऊस पडला की बोंबील पांढरा राहत नाही, वास येतो, भाव निम्मा होतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि घर चालतं ते याच सुक्या मासळीवर.

मुलुंड, घाटकोपरकडच्या पोळी-भाजी करणाऱ्या गटांना हेच बाजारातून कळतं. जुलै 2023 मध्ये टोमॅटो किलोला दीडशे रुपयांच्या वर गेला होता. डब्याचा दर महिन्याचा ठरलेला, गिऱ्हाईक दहा रुपये वाढवायला तयार नाही, आणि भाजीत टोमॅटो नसला की "आज चव नाही" म्हणून निरोप येतो. तुमच्यातल्या कितीजणींनी तेव्हा चिंच, आमसूल घालून वेळ निभावली ते मला माहीत आहे. पण सगळंच पावसाच्या माथी मारू नका. त्याच वर्षी मे महिन्यात टोमॅटो इतका स्वस्त झाला होता की शेतकऱ्यांनी तो रस्त्यावर ओतला. मग पुढची लागवड कमी झाली आणि वर पाऊस-रोगाने मारलं. कांद्याचंही तसंच. नोव्हेंबर 2023 च्या शेवटी नाशिककडे गारपीट झाली आणि डिसेंबरात सरकारने निर्यात बंद केली. ती बंदी मे 2024 पर्यंत राहिली. पावसाने एक फटका दिला, धोरणाने दुसरा. आपल्याला वाशीहून येणारी भाजी महागली म्हणजे पिकवणाऱ्या बाईला जास्त मिळाले, असंही नसतं.

इथपर्यंत हवामान अन्नावर काय करतं ते पाहिलं. उलट दिशेनेही गोष्ट चालते. जगात हवा तापवणारे जे वायू सोडले जातात, त्यातला जवळपास तिसरा हिस्सा अन्न पिकवण्यात, नेण्यात, शिजवण्यात आणि फेकण्यात जातो. साचलेल्या पाण्यातल्या भातखाचरातून मिथेन निघतो. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातून तोच निघतो, आरेचे तबेले आपल्या डोळ्यांसमोर आहेत. युरिया जास्त पडला की दुसरा एक वायू निघतो, तो तर आणखी कडक. फेकलेलं अन्न डम्पिंगवर दबून कुजतं, तिथेही मिथेन. जानेवारी 2016 मध्ये देवनारला आग लागली होती आणि धुराने कितीतरी दिवस मुलांचे डोळे चुरचुरत होते. तशी आग धुमसत ठेवणाऱ्या गोष्टींत हा वायू असतो. मुलुंडचं डम्पिंग 2018 मध्ये बंद झालं, आता बहुतेक कचरा कांजूरला जातो. जागा बदलली, सडणं तेच.

हे वाचून कुणी स्वतःला दोष देऊ नका. भारतातला एक माणूस सरासरी जेवढे वायू सोडतो ते जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहेत, आणि पाड्यावरची बाई त्याहून कितीतरी कमी. शिळ्या भाताला फोडणी देणारीला अन्न वाया घालवू नका हे शिकवण्याची मला तरी हिंमत नाही. तरी भाताची गोष्ट सांगते, कारण त्यात आपला फायदा आहे.

नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी भाताची एक पद्धत बसवली आहे, सगुणा राईस तंत्र म्हणतात. एकदा गादीवाफे करायचे, मग दरवर्षी नांगरट नाही, चिखलणी नाही. बी थेट टोकायचं. म्हणजे राब भाजायला नको आणि कमरेत वाकून लावणीही नको. कापणीनंतर भाताची मुळं जमिनीतच कुजू द्यायची. खाचरात सतत पाणी साचवत नाहीत, त्यामुळे मिथेन कमी. मला यातलं एक पटत नाही. तण फार येतं आणि त्यासाठी तणनाशक मारतात. ज्या बांधावरून आपण टाकळा, कुर्डू खुडतो तिथे ते औषध नको. पण एका वाफ्यावर, तण हाताने काढून करून बघायला हरकत नाही. मे महिन्यात पाऊस आला तर निदान राब भिजल्याचं रडं उरणार नाही.

दुसरं, बियाणं. ताईला दोनदा बी विकत घ्यावं लागलं, त्यातच हप्ता अडकला. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 चा पद्मश्री मिळाला तो देशी बियाणं जपल्याबद्दलच. शाळेत न गेलेल्या या बाईंनी घरात बियाण्यांची बँक उभी केली. आपल्या पाड्यांवरच्या आज्या सांगतात, उतारावर पूर्वी नाचणी, वरी असायची. त्यांना साचलेलं पाणी लागत नाही, पाऊस मागेपुढे झाला तरी हाताला काहीतरी लागतं. कुणाकडे अजून मडक्यात, राखेत ठेवलेलं बी असेल तर बैठकीला मूठभर घेऊन या. गटाच्या कपाटात रजिस्टरशेजारी चार बरण्या सहज मावतील.

आता त्या ताईच्या गटात पुढे काय झालं ते सांगते. डिसेंबरच्या बैठकीत मी चार महिने आणि चार पाऊस फळ्यावर लिहिले. बराच वाद झाला. "उद्या सगळ्याच जणी पाऊस सांगतील," असं सचिव म्हणाल्या, आणि त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. परतफेड नियमित नसेल तर बँक गटाला पुढचं कर्ज देताना हात आखडते. बँकेचा हप्ता पाऊस बघत नाही. शेवटी ठराव झाला तो असा. शेती, भाजी आणि मासळीसाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता जून ते ऑगस्ट निम्मा, आणि उरलेली रक्कम पुढच्या महिन्यांत वाटून. पावसाने नुकसान झालं तर दोन सदस्यांनी घरी जाऊन पाहायचं, खरं असेल तर दंड नाही, व्याज मात्र चालू. आणि प्रत्येकीने सप्टेंबर ते मे महिना 10 रुपये वेगळे टाकायचे. बँकेचा हप्ता अडला तर तो त्या पैशांतून भरायचा. दोघी जणी ठरावाच्या विरोधात होत्या, त्यांची नावं तशीच इतिवृत्तात आहेत. ताईचा जुना 200 रुपयांचा दंड परत द्यायचा का, यावर एकमत झालं नाही. तो विषय अजून लोंबकळतोय. माझं मत विचाराल तर द्यायला हवा.

तुमच्या गटाला हाच ठराव बसेल असं नाही. ज्या गटात घरकाम करणाऱ्या जास्त, तिथे पैसे वेगळ्या महिन्यात अडतात. म्हणून या महिन्याच्या बैठकीत एवढं करा. मागच्या दोन वर्षांचं कर्ज रजिस्टर काढा. कुणाचा हप्ता कुठल्या महिन्यात चुकला ते नाव न घेता फक्त महिन्यानुसार लिहा, आणि शेजारी त्या महिन्यात पाऊस, ऊन, भाव कसा होता ते आठवून लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनाच आधी विचारा, त्यांना जास्त आठवतं. कागदाचा फोटो पुढच्या बैठकीआधी मला पाठवा. आरेच्या त्या ताईने स्वतःचा कागद केव्हाच दिलाय, तिच्या मुलीच्या अक्षरात.