मस्तिष्कगत लोहाचे एम.आर.आय.द्वारा मापन : तत्त्व, मर्यादा व व्यवहार

कंपवाताच्या रुग्णांच्या एम.आर.आय. अहवालात ‘लोहसंचय’ हा शब्द आता वारंवार आढळतो. तो वाचून रुग्ण लोहभस्म वा मंडूराचे कल्प आपणहून बंद करतात आणि औषधविक्रेत्यांनाही त्याविषयी विचारतात. म्हणून हे मापन कसे होते आणि त्यावरून काय ठरवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत.

प्राकृत स्थिती

मस्तिष्कातील लोह हे मुळात दोषस्वरूप नाही. डोपामिनची निर्मिती, मज्जातंतूंवरील मायलिन आवरण आणि पेशींतील ऊर्जानिर्मिती यांसाठी ते आवश्यकच आहे. १९५८ साली हॉलग्रेन व सोरँडर या संशोधकांनी मृतांच्या मस्तिष्काचे रासायनिक परीक्षण करून लोहाचे प्रमाण निश्चित केले. दर १०० ग्रॅम ताज्या ऊतीमागे ग्लोबस पॅलिडसमध्ये सुमारे २१, सब्स्टॅन्शिया नायग्रात सुमारे १८, तर पुटामेनमध्ये सुमारे १३ मि.ग्रॅ. लोह आढळले. जन्मतः ते अत्यल्प असून वयानुसार वाढते. त्यामुळे वयाचा विचार न करता ‘संचय’ हा शब्द वाचणे योग्य नव्हे.

मापनाचे तत्त्व

हे लोह मुख्यत्वे फेरिटिन या प्रथिनात साठविलेले असते. फेरिटिनच्या एका कणात लोहाचे सुमारे ४५०० अणू मावू शकतात. एम.आर.आय. यंत्र लोह थेट पाहत नाही. ते ऊतीतील जलाच्या हायड्रोजन अणुकेंद्रांचे संकेत टिपते. लोहामुळे भोवतालचे चुंबकीय क्षेत्र किंचित विषम होते, अणुकेंद्रांची लय विस्कटते आणि संकेत लवकर क्षीण होतो. या क्षयाचा वेग ‘आर-टू-स्टार’ या मूल्याने सांगतात. लोह जितके अधिक, तितके हे मूल्य अधिक. ‘क्यू.एस.एम.’ ही दुसरी पद्धती ऊतीची चुंबकग्राह्यता मोजते. मृत्यूत्तर मस्तिष्कांत ही मूल्ये व रासायनिक मापन यांची तुलना झाली असून करड्या भागातील केंद्रांत उत्तम मेळ आढळला आहे.

मर्यादा

आर-टू-स्टार मूल्य मायलिनमुळेही वाढते. म्हणून श्वेतभागातील अर्थ सावधपणे लावावा लागतो. कॅल्शियमचा संचयही काही प्रतिमांत लोहासारखाच काळा दिसतो. मात्र लोह क्षेत्राला साहाय्य करते व कॅल्शियम विरोध करते, त्यामुळे क्यू.एस.एम.मध्ये त्यांचा भेद करता येतो. यंत्राची क्षेत्रशक्ती बदलली की आर-टू-स्टार मूल्यही बदलते. १.५ टेस्ला व ३ टेस्ला यंत्रांचे आकडे परस्परांशी ताडून ‘लोह वाढले’ असा निष्कर्ष काढू नये.

चिकित्सेचा बोध

कंपवातात सब्स्टॅन्शिया नायग्रातील लोह वाढलेले आढळते. मग ते काढून टाकल्यास व्याधी थांबेल काय? याची परीक्षा युरोपात ३७२ नवनिदान रुग्णांवर झाली व तिचे फल २०२२ साली प्रसिद्ध झाले. लेव्होडोपा सुरू न केलेल्या या रुग्णांपैकी एका गटास ३६ आठवडे डेफेरिप्रोन हे लोहहारक औषध, तर दुसऱ्यास निष्क्रिय गोळी दिली. औषध घेणाऱ्यांच्या मस्तिष्कातील लोह एम.आर.आय.वर घटले, परंतु त्यांची लक्षणे दुसऱ्या गटापेक्षा अधिक बळावली. संचय दिसला म्हणजे तोच हेतू, असे मानता येत नाही, हा यातील मोठा धडा होय.

याउलट, रात्री पाय सतत हलवावेसे वाटणाऱ्या रेस्टलेस लेग्ज विकारात रक्तातील लोह प्राकृत असतानाही सब्स्टॅन्शिया नायग्रातील लोह न्यून असू शकते. रक्तातील व मस्तिष्कातील लोह यांचे गणित एक नाही. मध्ये रक्त-मस्तिष्क अवरोध उभा आहे.

व्यवहारातील सूचना

१. पांडुरोगात लोहकल्प द्यावा वा थांबवावा हे हिमोग्लोबिन, सीरम फेरिटिन व लक्षणांवरून ठरवावे. केवळ मस्तिष्काच्या प्रतिमेवरून नव्हे.

२. लोहामुळे लेव्होडोपाचे शोषण घटते. कपिकच्छूच्या बीजातही लेव्होडोपा असते. अशा रुग्णाने लोहयुक्त औषध एकाच वेळी न घेता किमान दोन तासांचे अंतर राखावे. औषधालयातून कल्प देताना हे अवश्य सांगावे.

३. ‘मस्तिष्कातील लोह काढणारे’ म्हणून कोणतेही औषध देऊ नये. लोहहारक औषधांनी श्वेतपेशी धोकादायक पातळीपर्यंत घटू शकतात.

प्रतिमा संचयाचे स्थान व प्रमाण सांगते. हेतूचा निर्णय मात्र समग्र रुग्णपरीक्षणानेच करावा लागतो.